पॅनलवरची सावली

“कोनाची साडी हाय ते?”

नाना जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ओरडले तेव्हा मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. गच्चीवर माझ्याखेरीज कोणाची साडी असणार? आई जाऊन काही वर्षं झाली होती आणि घरात आम्ही बापलेक दोघंच. पण राग आला की नाना असंच विचारायचे, जणू घरात दहा बाया आहेत आणि गुन्हेगार शोधायचा आहे.

मी पिठाच्या हातांनी वर गेले. दोरीवर माझी जांभळी नारायणपेठ वाळत होती आणि तिची सावली कोपऱ्यातल्या सोलर पॅनलवर पडली होती. फार नाही, पदराएवढी.

“एका पॅनलवर सावली पडली का अख्खी ओळ मंदावते. किती डाव सांगतलं तुले? आंधळी झाली काय वं?”

“काढते नाना.”

“आता काढते! सकाळपासून युनिट गेले ना माहे!”

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, पाणी ठेवलं की प्यायचे. तेव्हापासून माझे कपडे मागच्या बोळातल्या तारेवर वाळू लागले. तिथं ऊन उभ्याउभ्या येतं आणि निघून जातं. अकोल्यासारख्या गावात, जिथं ऊन कोणी फुकट दिलं तरी घेत नाही, तिथं माझ्या साड्या ओल्या राहायच्या.

नाना वीज मंडळातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या खांबांवर चढले आणि मग स्वतःच्या गच्चीवर वीज तयार करायचं वेड घेऊन बसले. जठारपेठेत आमच्या गल्लीत पहिले पॅनल आमचे. खालून माणसाला चालता यावं म्हणून त्यांनी लोखंडी सांगाडा चांगला उंच करून घेतला होता. गच्ची अशी गेली, तशी माझी उन्हाळी कामंही गेली. कुरडया नाहीत, मूगवड्या नाहीत, पापड नाहीत. लोक मला विचारायचे, “काहो मॅडम, यंदा काही वाळवण नाही?” मी म्हणायची, “आमच्याकडे वीज वाळत घालतो.”

तक्रार म्हणून हे सांगत नाही. उलट त्या पॅनलांनी मला एक गोष्ट दिली होती. काच तापली की तिच्यावर गार पाणी टाकायचं नसतं, तडकते. म्हणून पॅनल धुवायचे ते सूर्य वर यायच्या आत. रोज पहाटे नाना पाइप धरायचे आणि मी लांब दांड्याला गुंडाळलेल्या फडक्यानं काच पुसायची. नाना मुळात बोलायला महाग. दिवसभरात जे काही बोलायचे, त्यातलं बहुतेक त्या पहाटेच बोलून टाकायचे. कधी जुन्या लाइनीवरचे किस्से, कधी आईचं काहीतरी. “बरं पुसलं” असं मात्र कधी म्हणाले नाहीत. पण माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला त्यांनी त्या काचेला हात लावू दिला नव्हता. शेजारचा तरणाबांड पोरगा मदतीला आला, तर त्याला खालीच चहा पाजून परत पाठवलं. मी त्यालाच शाबासकी समजत होते. चाळिशी उलटलेल्या, लग्न न केलेल्या, गणित शिकवणाऱ्या बाईला तेवढी पुरत होती.

मग संक्रांतीनंतर माझी धाकटी बहीण मीनल पुण्याहून आली. दोन बॅगा घेऊन आली आणि पुन्हा गेली नाही. तिचं लग्न मोडलं होतं. का मोडलं, कसं मोडलं, ते ती सांगेना. खोलीचं दार लावून पडून राहायची. मी तिला गरम गरम भाकरी नेऊन द्यायची, ती अर्धी खायची. नाना दाराबाहेर येरझाऱ्या घालायचे आणि मला खुणेनं विचारायचे, जेवली का? मला तिची दया आली. खरंच आली. तोवर हेवा वगैरे काही नव्हतं.

एका सकाळी शाळेतून लवकर परतले, तर जिन्यात माती सांडलेली. वर गेले. पॅनलांच्या खाली, सावलीत, फळवाल्याकडची थर्माकोलची खोकी मांडलेली होती आणि मीनल गुडघ्यावर बसून त्यांत माती भरत होती. केस विस्कटलेले, हात कोपरापर्यंत मळलेले. आणि नाना! गुडघे दुखतात म्हणून वाण्याकडे न जाणारे आमचे नाना टोपलीतून शेणखत वर आणत होते.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“ताई, अगं कोथिंबीर, म्हणजे आपला सांबार, पालक, अंबाडी असं काहीतरी लावून बघते,” मीनल म्हणाली. “नाहीतरी खालची जागा रिकामीच आहे ना.”

मी नानांकडे पाहिलं. आता ओरडतील, मग ओरडतील. गच्चीवर ओल येईल, मुंग्या येतील, पॅनलवर धूळ बसेल, कारणांना काही तोटा नव्हता.

“पाय बरं, तिकडची दोन खोकी अजून सरकव,” नाना म्हणाले. ते मला म्हणाले. मी शाळेची पर्स खाली ठेवली आणि खोकी सरकवली.

एप्रिल आला. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे अंगणातली तुळससुद्धा करपते. गल्लीत एकाच्याही गच्चीवर हिरवं पान उरलं नव्हतं, आणि आमच्या पॅनलांखाली सांबार लुसलुशीत उभा. डोक्यावर काचेची सावली, बाजूनं तिरपं ऊन. पॅनल धुतल्याचं पाणी पूर्वी नालीत जायचं, ते मीनलनं पन्हळ लावून खोक्यांत वळवलं होतं. शेजारच्या बायका बघायला येऊ लागल्या. “मीनलनं तर जादूच केली!” हा जिना मी इतकी वर्षं चढत होते, माझ्यामागे कधी कोणी बघायला आलं नव्हतं.

एका संध्याकाळी नाना मीटर बघून खाली आले, ते हसतच.

“रजू, पाय. खालून थंडावा राहते तं पॅनल तापत नाहीत. तापले नाहीत तं वीज जास्त देतात. मिनूनं माहे युनिट वाढवले!”

मी गणिताची बाई. वाढ केवढी ती मला दिसत होती, चिमूटभर होती. पण ती चिमूट ते तळहातावर घेऊन घरभर फिरत होते. मी कितीक हिवाळे-उन्हाळे पहाटे उठून काच पुसली, बोटं गारठली, कधी चुकून म्हणाले नाहीत की रजूनं माझे युनिट वाढवले. त्या दिवशी मी पोळ्या जाड लाटल्या. कोणाच्याच लक्षात आलं नाही.

ताटात रोज अंबाडी. “मिनूची अंबाडी” म्हणायचे नाना, जणू ती शिजवत कोणी नव्हतंच. मी आंबट कमी पडावं म्हणून डाळ जास्त घातली, तरी त्यांनी मिटक्या मारत खाल्ली.

शाळेला सुट्टी लागली त्या सुमाराला संस्थेच्या सचिवांचा फोन आला. वाशीमच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होती. याआधीही त्यांनी मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. तेव्हा कारण विचारल्यावर मी मान ताठ ठेवून सांगायची, “वडील एकटे आहेत. त्यांना माझ्याशिवाय होत नाही.” या वेळी तेच वाक्य तोंडात आलं आणि ओठावर अडलं. “कळवते,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठायला जरा उशीर झाला. फडकं घेऊन लगबगीनं जिना चढले आणि मधल्या पायरीवर थांबले. वरून हसण्याचा आवाज येत होता. मीनल हसत होती, ते एक वेळ ठीक. पण नाना हसत होते. मोठ्यानं, खोकला येईपर्यंत. आई गेल्यापासून तसं हसणं त्या घरात ऐकू आलं नव्हतं. मी कान देऊन उभी राहिले. नाना तिला तो किस्सा सांगत होते, पातूरच्या लाइनीवर माकडानं त्यांची टोपी पळवली तो. माझा किस्सा. मला सांगितलेला.

मीनलनं वरून मला पाहिलं. दांडा तिच्या हातात होता.

“अगं ताई, तू झोप ना. सुट्टी आहे तुला. मी करते हे.”

“व्हय, झोप झोप,” नाना म्हणाले. पाइप हलवत, माझ्याकडे न बघता.

मी खाली आले. झोपले नाही. कोरडं फडकं हातात घेऊन ओट्याशी उभी राहिले, आणि मग त्याच फडक्यानं ओटा पुसला, डबे पुसले, आरसा पुसला. आरशात माझा चेहरा दिसला. भुवया जुळलेल्या, ओठ आवळलेले, नाक लाल. असा चेहरा मी आठवीच्या वर्गात पाहिला होता, दुसऱ्या नंबरावर आलेल्या मुलीचा.

आता त्या वेलाची गोष्ट. मीनलनं कारल्याचा वेल लावला होता. नानांनी जन्मात कधी कारल्याला ताटात जागा दिली नाही, पण तो वेल तिनं लावला आणि त्यांनी सुतळ्या बांधून दिल्या. मे महिन्याच्या मध्याला मी दुपारी कशाला तरी वर गेले आणि पाहिलं. वेल सांगाड्याच्या खांबावरून चढून, कड ओलांडून, सरळ पॅनलवर पसरला होता. पानं काचेवर आडवी. आणि कोणत्या पॅनलवर? कोपऱ्यातल्या. माझ्या साडीच्या पॅनलवर.

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी दोन दोन पायऱ्या उतरत खाली आले. नाना कूलरसमोर पेपर वाचत होते.

“नाना, वर चला.”

“काहून?”

“पॅनलवर सावली पडलीय.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी पेपर घडी केला. चष्मा काढला.

“वेलाची ना? पायली मी. परवाच पायली.”

“परवा? मग काढला का नाही?”

“फुलं आली हायेत वं त्याले. बारकी बारकी, पिवळी.” त्यांनी आवाज खाली आणला. “मिनू सकाळी जाऊन मोजत बसते. आता कुठं तिचं मन लागून ऱ्हायलं. राहू दे.”

“अहो, पण अख्खी ओळ मंदावते! तुम्हीच सांगता ना?”

“मंदावते तं मंदावू दे थोडी.”

नानांच्या तोंडून हे वाक्य! कबुतरानं घाण केली तरी भर दुपारी शिव्या देत वर जाणारा हा माणूस! माझा आवाज चढला.

“आणि माझी साडी?”

“कोनती साडी?”

“जांभळी. पदराएवढी सावली पडली होती. आठवडाभर बोलला नव्हतात माझ्याशी. आंधळी म्हणालात मला.”

ते माझ्याकडे बघत राहिले. आठवायचा प्रयत्न करत होते, आणि त्यांना आठवत नव्हतं. हे मला जास्त लागलं. मी ती साडी तेव्हापासून नेसले नव्हते, आणि त्यांच्या डोक्यात तिचा धागासुद्धा नव्हता.

“असंन,” ते म्हणाले. “पण तुवं काय वं रजू. ते पोरगी जाईन का राहीन, जीवाले धास्ती राहते. तुवं तसं नाही. तू तं हायेसच.”

त्यांनी ते मायेनं म्हटलं. पुन्हा चष्मा लावला, पेपर उघडला. मी कूलरच्या समोर उभी होते आणि मला घाम फुटला होता.

तू तं हायेसच.

भिंत आहेच. जिना आहेच. पाण्याची टाकी आहेच. मी आत गेले, दार लावलं आणि सचिवांना फोन केला. “वाशीमला येते,” म्हटलं. त्यांनी वडिलांचं विचारलं. “त्यांच्याजवळ धाकटी आहे,” मी म्हणाले, आणि धाकटी हा शब्द म्हणताना दात असे आवळले की त्यांना तो दुसऱ्यांदा विचारावा लागला.

मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता म्हणतील. एक शब्द म्हणाले असते तरी मी बॅग सोडली असती. 

“वाशीम काही लांब नाही,” ते शेवटी म्हणाले. “येशीनच ना सुट्टीत.”

मीनल रडली. गळ्यात पडून म्हणाली, “माझ्यामुळे तर नाही ना जात आहेस ताई?” मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, “छे गं, बढती आहे.” निघायच्या दिवशी तिनं डब्यात कारल्याची भाजी भरून दिली. बसमध्ये डबा उघडला. चांगली झाली होती, तेही मला आवडलं नाही.

वाशीमला मी शाळेजवळ खोली घेतली. पहाटे त्याच वेळी जाग यायची. उठून बसायची, आणि करायला काही नसायचं. नानांना फोन करायची नाही. म्हटलं, बघू, कोण आधी करतं.

फोन आला तो पावसाळ्यानंतर, आणि मीनलचा.

“ताई, तू कधी येतेस?”

“का गं? नाना बरे आहेत ना?”

“ठणठणीत आहेत. मीच बरी नाही.” तिचा आवाज कापत होता. “ताई, मला तुझा इतका राग येतो ना आजकाल!”

“माझा? मी काय केलं?”

“सकाळी फडकं हातात घेतलं की सुरू. ‘रजू असं नाही पुसत होती. रजू कोपरे आधी घ्यायची. रजू होती तं काच कशी आरशावानी राहे.’ पोळी केली तर रजूची पोळी. चहा केला तर रजूचा चहा. परवा अंबाडीच्या भाजीला म्हणाले, रजू याच्यात डाळ जास्त घालत होती, तशी चव नाही. वेलसुद्धा काढायला लावला मला. म्हणाले, रजूनं त्याच वेळेस सांगतलं होतं. मी काय करू सांग ना? मी इथं आहे, रोज आहे, आणि ते दिवसभर तुझ्याशीच बोलून राहिले!”

पुण्याची मीनल आता वऱ्हाडीत “बोलून राहिले” म्हणत होती. मी तिला धीर दिला. वय झालं त्यांचं, मनावर घेऊ नकोस, असं जे काय म्हणायचं ते म्हटलं. फोन ठेवला आणि खोलीत एकटीच हसत बसले. मग स्टोव्हवर शिरा केला, बेदाणे घालून, एकटीसाठी. साजूक तूप सढळ हातानं सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी घरी गेले. पिशवीत तळाशी जांभळी नारायणपेठ होती. मुद्दामच नेली होती, उगीच कशाला लपवू.

नानांनी फाटकाशी येऊन माझी बॅग घेतली. मीनलला हाक मारली, “मिनू, पाणी आन, रजू आली!” गच्ची भरून गेली होती. चवळी, वांगी, मिरच्या, पॅनलांखाली पाय ठेवायला जागा नाही. मीनल आता गल्लीतल्या दुसऱ्या गच्च्यांवरही अशी खोकी लावून देत होती. तिची तब्येत सुधारली होती. पण जेवताना नाना माझ्या ताटाकडे बघत होते आणि ती नानांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडी धुतली. वर नेली आणि त्याच दोरीवर, त्याच जागी पसरली. सावली कोपऱ्यातल्या पॅनलवर पडली. पदराएवढी नाही, चांगली अर्ध्या पॅनलभर. नाना स्टुलावर बसून वांग्याची किडकी पानं खुडत होते. त्यांनी वर पाहिलं. साडीकडे, मग सावलीकडे.

मी दोरीवर पदर सारखा करत राहिले. ओरडले असते तर? आज इतक्या वर्षांनी मला वाटतं, ओरडले असते तर मी वाशीमची नोकरी सोडून परत आले असते. तिथंच, त्या ओल्या हातांनी.

“राहू दे,” नाना म्हणाले.

“नाना!” मीनल बादली घेऊन जिन्यातून वर येत होती. तिनं बादली आपटली. “परवा माझी ओढणी होती तिथं, पाच मिनिटं, तर गल्ली जमा केली तुम्ही! मला काय काय बोललात!”

“तुवं वेगळं.”

“काय वेगळं?”

“ते दोन दिवसांची पाहुणी हाय वं,” नाना पानं खुडत म्हणाले. “तू तं हायेसच.”

मीनल वळली. ती माझ्याकडे बघत राहिली. भुवया जुळलेल्या, ओठ आवळलेले, नाक लाल. तो चेहरा मी ओळखला. आणि पाहुणी हा शब्द आत कुठंतरी बोचत होता, तो बोचू दिला.

अकोल्याच्या उन्हात साडी घटकाभरात खडखडीत वाळली. दुपारी मीनल दोनदा वर जाऊन आली, मला सांगून गेली, “वाळली गं ताई.” “हो का,” मी म्हटलं. संध्याकाळी माझी बस होती. तोवर मी ती साडी दोरीवरून काढली नाही.